टिंडॉलचं तळं

आधी एक कबुली देते. जॉन टिंडॉल हा माणूस दहावीपर्यंत माझ्यासाठी फक्त दोन मार्कांचा होता. टिंडॉल इफेक्ट म्हणजे काय ते लिहा आणि एक उदाहरण द्या. उदाहरण ठरलेलं, अंधाऱ्या खोलीत छपरातून येणारा कवडसा आणि त्यात तरंगणारी धूळ. लिहिलं, दोन मार्क मिळाले, विषय संपला. हा टिंडॉल कोण, कुठला, कधी होऊन गेला, हे विचारायची वेळच कधी आली नाही.

ती वेळ आली काश्मीरमध्ये, तीही रात्री तंबूत.

सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर आम्ही सातजण सोनमर्गहून ट्रेकला निघालो होतो. निचनाईची खिंड ओलांडून विशनसर तळ्याच्या काठावर पोचलो तेव्हा सगळ्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. उंची बारा हजार फुटांच्या आसपास. तळ्याच्या मागे उघडे कडे, त्यांच्या घळींमध्ये अडकून राहिलेला बर्फ, काठावर गवत आणि बकरवालांच्या मेंढ्या. पण आम्ही सगळे बघत होतो ते पाण्याकडे. त्या पाण्याचा रंग कसा सांगू? निळा म्हणावा तर निळा नाही, हिरवा म्हणावा तर हिरवाही नाही. निळ्या शाईत कुणीतरी खडूची पूड कालवली आहे असं वाटत होतं. आमच्यातल्या एकाने लगेच जाहीर केलं की हे आकाशाचं प्रतिबिंब आहे. पण थोड्या वेळाने आभाळ भरून आलं, आकाश पार राखाडी झालं, आणि तळं होतं तस्संच! इंजिनियरिंगचे सात विद्यार्थी आणि एकालाही उत्तर येईना.

आमच्याबरोबरच्या घोडेवाल्या चाचांनी मात्र एक युक्ती सांगितली. वरच्या बर्फातून येणाऱ्या ओढ्याचं पाणी बाटलीत भरून ठेवा आणि सकाळी बघा. आम्ही भरून ठेवलं. मला सकाळपर्यंत धीर निघेना, म्हणून रात्री तंबूत बाटलीच्या एका बाजूने मोबाईलचा टॉर्च मारला. पाण्यातून प्रकाशाचा झोत अगदी स्पष्ट दिसत होता, किंचित निळसर. दोन मार्कांचा माणूस तंबूत हजर झाला होता. सकाळी बाटलीच्या तळाशी पिठासारखा बारीक राखाडी गाळ बसला होता आणि वरचं पाणी तरीही थोडं धूसरच होतं.

परत आल्यावर लायब्ररीतून टिंडॉलबद्दल मिळेल ते वाचत सुटले. वाचता वाचता लक्षात आलं की हा माणूस मुळात आपल्यातलाच आहे. म्हणजे सर्व्हेयर!

टिंडॉलचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातल्या एका लहान गावात झाला. घरची परिस्थिती बेताची, वडील पोलिसात शिपाई. पण मुलाच्या शिक्षणाकडे वडिलांचे लक्ष होते, त्यामुळे गावच्या शाळेत गणित आणि भूमापन नीट शिकायला मिळाले. १८३९ मध्ये तो सरकारी नकाशे बनवणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हेमध्ये नोकरीला लागला. तिथून त्याला इंग्लंडला पाठवले गेले. पगार तुटपुंजा, वागणूक वाईट. टिंडॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तक्रार केली, आणि १८४३ मध्ये साहेबांनी त्याला सरळ काढून टाकले. वय तेवीस, हातात नोकरी नाही.

नशिबाने तो रेल्वेचा काळ होता. इंग्लंडभर लोहमार्ग टाकले जात होते आणि थिओडोलाइट लावता येणाऱ्या माणसाला भरपूर मागणी होती. टिंडॉलने तीनेक वर्षे रेल्वेची मोजणी केली. पैसा बरा मिळत होता, पण त्याचे मन लागेना. १८४७ मध्ये तो हॅम्पशायरमधल्या एका शाळेत गणित आणि भूमापन शिकवायला लागला. तिथे त्याला रसायनशास्त्र शिकवणारा एडवर्ड फ्रँकलंड भेटला. दोघांनाही खरे विज्ञान शिकायचे होते आणि त्या काळी त्यासाठी जर्मनीला जायला हवे होते. १८४८ मध्ये साठवलेले पैसे घेऊन दोघे मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाले. टिंडॉलचे वय तेव्हा अठ्ठावीस होते. शिकवायला साक्षात बुन्सेन, ज्याचा बर्नर आपण अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला पेटवतो तोच! दोन वर्षांच्या आत टिंडॉलने डॉक्टरेट मिळवली.

आपल्याकडे एक वर्ष डाऊन झालं तरी आयुष्य संपलं असं वाटतं. हा माणूस नोकरीतून हाकलला गेला, रेल्वेत राबला, शाळेत मास्तर झाला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी परक्या भाषेत शिकायला बसला. मी कॉन्व्हेंटमधली, मराठीत निबंध लिहायचा म्हटलं तरी मला घाम फुटतो. त्यामुळे जर्मनमधून शिकून डॉक्टर होणाऱ्या या माणसाचं मला तरी फारच कौतुक वाटलं.

१८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो प्राध्यापक झाला. तिथे मायकेल फॅरेडे होता. फॅरेडे शांत आणि अतिशय श्रद्धाळू, टिंडॉल तापट आणि वाद घालणारा, पण दोघांचे छान जमले. १८६७ मध्ये फॅरेडे गेल्यावर त्याची जागा टिंडॉलकडेच आली. सामान्य लोकांसमोर प्रयोग करून दाखवण्यात टिंडॉलचा हात धरणारा कोणी नव्हता. पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश धारेबरोबर वळत जातो, हा प्रयोग त्याने १८५४ मध्ये करून दाखवला. त्याच्याआधी जिनिव्हाच्या कोलादाँने तो केला होता, पण गाजला टिंडॉलमुळे. ईएनटीसीवाल्यांनी ऑप्टिकल फायबरच्या धड्यात याची आठवण ठेवावी.

पण टिंडॉलचे खरे वेड होते आल्प्सचे. १८५६ मध्ये तो आपला मित्र हक्सली याच्याबरोबर हिमनद्या बघायला गेला आणि मग जवळपास दर उन्हाळ्यात जातच राहिला. १८५८ मध्ये माँटे रोझा हे साडेचार हजार मीटरपेक्षा उंच शिखर तो गाईडशिवाय एकटा चढला. बरोबर खायला काय, तर एक सँडविच आणि अर्धी बाटली चहा! १८६१ मध्ये तोपर्यंत कुणीही न चढलेले वाइसहॉर्न त्याने बेनेन आणि वेंगर या दोन गाईडांबरोबर सर केले. मॅटरहॉर्नसाठी बरीच धडपड केली. १८६२ मध्ये तो शिखराच्या अलीकडच्या खांद्यापर्यंत पोचून परतला. पहिल्या चढाईचा मान १८६५ मध्ये दुसऱ्याच माणसाने मिळवला. तरी १८६८ मध्ये टिंडॉलने इटलीच्या बाजूने चढून स्वित्झर्लंडच्या बाजूने उतरत ते शिखर पार केलेच.

बेनेनबद्दल थोडं सांगायला हवं. तो टिंडॉलचा आवडता गाईड. १८६४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या गिर्यारोहकांबरोबर गेला असताना तो हिमस्खलनात सापडून मेला. टिंडॉल त्यानंतरही डोंगरात जात राहिला, पण त्याच्या डोंगरावरच्या लिखाणात बेनेन पुन्हा पुन्हा येतो.

टिंडॉल डोंगरात नुसता भटकायला जात नव्हता. बर्फ कडक असतो, मग हिमनदी वाहते कशी, हा त्या वेळचा मोठा वाद होता. १८५७ मध्ये त्याने फ्रान्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर आडव्या रेषेत खुंट्या ठोकल्या आणि रोज थिओडोलाइटने बघितले की कोणती खुंटी किती पुढे सरकली. मध्यभाग कडेपेक्षा वेगाने सरकतो हे आधी माहीत होते. टिंडॉलला दिसले की हिमनदी वळण घेते तेव्हा सर्वात जास्त वेगाची जागा वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकते. अगदी पाण्याच्या नदीसारखी!

मग प्रश्न आला हिवाळ्याचा. बर्फाळलेल्या डिसेंबरात हिमनदी थांबते का? हे घरी बसून कळणार नव्हते. १८५९ च्या डिसेंबरच्या शेवटी टिंडॉल माणसे घेऊन पुन्हा मेर द ग्लासवर गेला. वाटेवर खोल बर्फ, वरून हिमवर्षाव, थिओडोलाइटच्या भिंगापुढे काही दिसेना. तरी खुंट्यांच्या दोन रांगा ठोकल्या, वाट बघितली आणि रीडिंग घेतली. उत्तर मिळाले, हिवाळ्यात हिमनदी उन्हाळ्याच्या साधारण निम्म्या वेगाने चालते.

इथे वाचता वाचता मी थांबले. कारण आमचा सर्व्हे कॅम्प मला आठवला. ट्रॅव्हर्स जुळत नव्हता, ऊन टाळकं फोडत होतं, आणि दोन स्टेशन पुन्हा करायची आमची कुणाचीच तयारी नव्हती. झाडाखाली बसून आम्ही क्लोजिंग एरर वाटून टाकली. शेवटून सुरुवातीकडे रीडिंग लिहीत आलो. फील्ड बुक असं सुंदर दिसत होतं की काय सांगू! व्हायवाला शाबासकीसुद्धा मिळाली. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, आज छापून सांगते आहे. बर्फाच्या वादळात उभा राहून खऱ्या आकड्याची वाट बघणारा हा माणूस समोर आला आणि मला त्या शाबासकीची लाज वाटली, एवढंच.

आता टिंडॉलच्या सर्वात मोठ्या कामाकडे येऊ. १८५९ च्याच मे महिन्यात त्याने एक प्रयोग सुरू केला होता. एक लांब पितळी नळी. तिच्या एका बाजूला उकळत्या पाण्याने तापवलेला धातूचा ठोकळा, दुसऱ्या बाजूला थर्मोपाइल आणि गॅल्व्हानोमीटर. नळीत एकेक वायू भरायचा आणि उष्णतेचे न दिसणारे किरण त्यातून किती पार जातात ते मोजायचे. नळीची तोंडे बंद करायला काच चालत नाही, कारण काच स्वतःच हे किरण गिळते. म्हणून टिंडॉलने सैंधव मिठाच्या चकत्या बसवल्या. आईच्या उपासाच्या डब्यातलं सैंधव इन्फ्रारेडला पारदर्शक असतं, हे मला तरी आधी माहीत नव्हतं!

प्रयोगातून दिसले ते असे. हवेचा बहुतेक भाग असलेले ऑक्सिजन आणि नायट्रोजन या किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत. अडवतात ते हवेत अगदी थोड्या प्रमाणात असणारे वायू, म्हणजे पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे. सूर्याचा प्रकाश आत येतो, पण जमिनीकडून परत जाणारी उष्णता हे वायू रोखून धरतात. ही वाफ नसती तर एका रात्रीत जमीन गारठून गेली असती. या वायूंचे प्रमाण बदलले तर हवामान बदलेल, हेही टिंडॉलने तेव्हाच सांगितले. अर्थात त्याच्या डोक्यात गिरण्यांचा धूर नव्हता, प्राचीन हिमयुगाचे कोडे होते. इथे एक नाव सांगितलेच पाहिजे. अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये, म्हणजे टिंडॉलच्या तीन वर्षे आधी, काचेच्या नळकांड्या उन्हात ठेवून दाखवले होते की कार्बन डायऑक्साइड आणि दमट हवा जास्त तापतात. उन्हाची उष्णता आणि जमिनीकडून येणारी उष्णता वेगळी करून त्यांना मोजता आली नव्हती, ते टिंडॉलने केले. पण पहिले पाऊल त्यांचे, आणि त्यांचे नाव दीडशे वर्षे कोणाला आठवले नाही.

आणि आमच्या बाटलीचं काय? १८६८-६९ मध्ये टिंडॉलने काचेच्या नळीत अतिशय सूक्ष्म कण तयार करून त्यातून प्रकाशाचा झोत सोडला. कण अगदी लहान असताना झोत निळा दिसला. आकाश निळे का, या प्रश्नाकडे जाणारी वाट यातून सापडली. जिनिव्हाच्या सरोवराचा आणि समुद्राचा रंगही त्याने याच दृष्टीने तपासला. हिमनदी खालच्या खडकाला घासत जाते तेव्हा दगडाचे अक्षरशः पीठ होते. हे पीठ इतके बारीक असते की तळ्यात दिवसेंदिवस तरंगत राहते. पाणी स्वतः तांबडा प्रकाश शोषून घेते, हे कण उरलेला निळा-हिरवा प्रकाश आपल्याकडे परत पाठवतात, आणि विशनसरसारखा रंग तयार होतो. टिंडॉलने सगळा भर कणांवर दिला होता. पाण्याचे रेणूसुद्धा प्रकाश विखुरतात हे पुढे आपल्या सी. व्ही. रामन यांनी दाखवले. १९२१ मध्ये बोटीवरून भूमध्य समुद्राची निळाई बघून त्यांनाही आकाशाच्या प्रतिबिंबाचे उत्तर पटले नव्हते. ट्रेकमधल्या आमच्या मित्राने हे वाचून नाराज होऊ नये, त्याच्याबरोबर लॉर्ड रॅलेही चुकले होते.

आता टिंडॉलचं स्वतःचं तळं. स्वित्झर्लंडमधली आलेच ही आल्प्समधली सर्वात लांब हिमनदी. तिच्या काठाला एका बाजूच्या दरीच्या तोंडाशी मेर्येलेन नावाचे सरोवर होते. त्याचे तीन काठ दगडाचे आणि चौथा काठ म्हणजे खुद्द हिमनदीची बर्फाची भिंत! त्या भिंतीचे तुकडे सुटून पाण्यात पडत आणि निळ्या पाण्यावर पांढरे हिमनग तरंगत. टिंडॉल इथे पुन्हा पुन्हा आला. मुलांसाठी लिहिलेल्या पाण्याच्या रूपांवरच्या १८७२ च्या पुस्तकातही त्याने या तळ्याला जागा दिली. १८७६ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्याने लुइसा हॅमिल्टनशी लग्न केले आणि पुढच्याच वर्षी दोघांनी आलेच हिमनदीच्या काठावर बेलआल्प इथे घर बांधले. पुढची बरीच वर्षे त्यांचे उन्हाळे तिथेच गेले.

हे तळे दिसायला सुंदर, पण खालच्या गावांना त्याची धास्ती होती. बर्फाच्या धरणाचा काय भरवसा? पाण्याला हिमनदीच्या पोटातून वाट सापडली की सगळे तळे काही तासांत रिकामे व्हायचे आणि खालच्या दरीत पूर यायचा. १८७८ मध्ये असा मोठा पूर आला. शेवटी १८९० च्या दशकात डोंगरातून बोगदा काढून पाण्याची पातळी ठरावीक उंचीच्या वर जाणार नाही अशी सोय केली गेली. सिव्हिलचं काम!

पण गंमत अशी, आणि ही गंमत मला अजून टोचते, की त्या बोगद्याची फार काळ गरजच राहिली नाही. हिमनदी खचत गेली, बर्फाची भिंत खाली गेली, आणि पाणी अडवायला धरणच उरले नाही. आलेच हिमनदी १८७० पासून तीन किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. जिथे टिंडॉलने हिमनग तरंगताना पाहिले तिथे आज काही लहान डबकी उरली आहेत. त्याच्या काळात हवेत दहा लाख भागांत सुमारे २९० भाग कार्बन डायऑक्साइड होता, २०२४ मध्ये तो ४२० च्या वर होता. सुरुवातीची घट सगळी आपल्या धुराने झाली असे नाही, पण पुढची बहुतेक त्यानेच. ज्या तळ्यावर टिंडॉलचा जीव होता, ते का गेले याचे उत्तर त्याच्याच पितळी नळीत होते. त्याला ते कधी कळले नाही.

टिंडॉलचा शेवट चटका लावणारा आहे. म्हातारपणी त्याला झोप येत नसे, त्यासाठी क्लोरल नावाचे औषध असायचे. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुइसाने पोटासाठी मॅग्नेशिया द्यायचा, तो चुकून क्लोरलचा मोठा डोस दिला. चूक दोघांच्याही लगेच लक्षात आली. डॉक्टरांनी दिवसभर प्रयत्न केले, पण संध्याकाळी तो गेला. लुइसा त्यानंतर सेहेचाळीस वर्षे जगली. नवऱ्याची पत्रे, डायऱ्या, कागद गोळा करत राहिली, त्याचे चरित्र लिहायचे म्हणून. ते तिच्या हातून पुरे झाले नाही. १९४० मध्ये ती गेली आणि १९४५ मध्ये दुसऱ्यांनी लिहून पुरे केलेले चरित्र निघाले. बेलआल्पला टिंडॉलच्या आठवणीचा दगड मात्र तिने उभा केला.

मेर्येलेनचं तळं आटलं. आपल्या हिमालयात उलट चाललं आहे, हिमनद्या मागे हटताना त्यांच्या तोंडाशी तळी वाढत आहेत. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथच्या वरचं चोराबारी तळं फुटलं. २०२३ च्या ४ ऑक्टोबरला सिक्कीममधलं साउथ ल्होनाक फुटलं आणि चुंगथांगचं १२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. अशा तळ्यांची खोली, काठांची हालचाल, बर्फाचा वेग कुणीतरी तिथे जाऊन मोजायला लागतो. ते मोजणारे सर्व्हेयर आपल्यासारख्याच कॉलेजांतून बाहेर पडलेले असतात. त्यांच्यातल्या कुणी झाडाखाली बसून रीडिंग जुळवली तर? तेव्हा शाबासकी देणारं कुणी नसेल.

विशनसरची ती बाटली अजून माझ्या होस्टेलच्या टेबलावर आहे. गाळ आता पूर्ण खाली बसला आहे. हलवली की पाणी पुन्हा तसंच धूसर होतं.

असो. या सेमिस्टरला पुन्हा एकदा फील्डवर्क झालं. यावेळीही ट्रॅव्हर्स जुळला नाही. दोन स्टेशन पुन्हा केली, तरी थोडी एरर उरलीच, आणि आमच्या ग्रुपने ती आहे तशी लिहिली. दोन मार्क गेले. टिंडॉलचे देणं फिटलं असं समजते.